हारतुऱ्यांचे पंचावन्न हजार आणि आजोबांचे सूत

माझ्या भाचीचे, म्हणजे थोरल्या भावाच्या मुलीचे लग्न ठरले तेव्हा घरात आनंदीआनंद होता. मुलगा चांगला, निर्व्यसनी, घर धम्म मानणारे. हुंडा नाही, मानपान नाही. हॉल ठरला, जेवण ठरले, बौद्धाचार्यांची तारीख मिळाली. अशात एका रविवारी मी कल्याणला दादाकडे गेले, तर दादाने माझ्यापुढे एक कागद ठेवला. "तू बी.कॉम. झालेली. एवढं बघ बरं, बेरीज बरोबर आहे का?"

तो डेकोरेटरने दिलेला फुलांच्या खर्चाचा अंदाज होता. स्टेजची फुलांची सजावट ३५,००० रुपये. प्रवेशद्वाराची कमान ६,०००. वर-वधूच्या हारांची जोडी ४,०००. पाहुण्यांसाठी तीस हार-गुच्छ, दीडशे रुपयांप्रमाणे ४,५००. वराची गाडी ३,०००. गजरे आणि वेण्या २,५००. बेरीज बरोबर होती. पंचावन्न हजार रुपये.

वाचक बंधू-भगिनींनो, बेरीज बरोबर असली म्हणून हिशेब बरोबर असतो असे नाही. माझा दादा कारखान्यात फिटर आहे. लग्नासाठी तो पतपेढीतून दीड लाख रुपये कर्ज काढणार होता. त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून अधिक पैसा संध्याकाळपर्यंत कोमेजणाऱ्या फुलांत जाणार होता, आणि त्याचे व्याज दादा पुढची तीन वर्षे भरणार होता. मी त्याला एवढेच विचारले, "दादा, ही फुलं दुसऱ्या दिवशी सकाळी कुठं असतील?"

दादा थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला ते मला आजही आठवते. "तुझं खरं आहे गं. पण पोरीच्या लग्नात फुलंसुद्धा नाहीत म्हटल्यावर लोक काय म्हणतील? आपल्या आजोबांच्या लग्नात काही नव्हतं. आईच्या लग्नात काही नव्हतं. आता कुठं जरा बरे दिवस आलेत. मग आपणच हात आखडायचा?"

दादाचे म्हणणे खोटे नव्हते

समाजकार्य करणारी आम्ही मंडळी 'साधेपणाने लग्न करा' असे भाषणात सहज सांगून जातो. पण आपल्या माणसांना लग्नात चार फुले जास्त का हवीशी वाटतात, याचा विचार करत नाही. नटण्यामुरडण्याचा हक्कसुद्धा ज्यांना नाकारला गेला, त्यांची आपण लेकरे आहोत. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या १९३६ च्या ग्रंथात इंदूर भागातील बलाई समाजाचे उदाहरण दिले आहे. १९२८ मध्ये तिथल्या गावांतील सवर्णांनी बलाईंना हुकूम सोडले होते. जरीकाठी फेटे बांधायचे नाहीत, रंगीत काठाची धोतरे नेसायची नाहीत, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. आजही देशात कुठे ना कुठे दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याची बातमी वर्तमानपत्रात येते.

अशा इतिहासातून आलेल्या माणसाला 'फुले कशाला?' असे विचारणे सोपे, पण त्याच्या मनाला ते लागते. म्हणून मी दादाशी वाद घातला नाही. आमच्यात एवढेच ठरले की फुलांच्या जागी जे येईल ते गरिबीचे दिसता कामा नये. हॉलमध्ये शिरणाऱ्या माणसाला वाटले पाहिजे की इथे काहीतरी थाटाचे आणि या घराचे स्वतःचे असे चालले आहे. डेकोरेटरची फुले प्रत्येक लग्नात तीच असतात. आज आपल्या स्टेजवर, उद्या दुसऱ्याच्या. त्यात आपल्या घराचे काय असते?

मूळ विधीत काय आहे?

मग मी भाचीला घेऊन बसले. तिला म्हटले, आधी आपला विधी काय आहे ते पाहू, सजावट त्यातून काढू.

डिसेंबर १९५६ मध्ये, महापरिनिर्वाणाच्या आधीच्या अगदी शेवटच्या दिवसांत, बाबासाहेबांनी एका पत्रात बौद्ध विवाहविधी कसा असावा हे कळवले होते. ही पद्धत साधी आहे, तीत होम नाही आणि सप्तपदी नाही, असे त्यांनी सांगितले. वधू आणि वर यांच्यामध्ये स्टुलावर मातीचे नवे मडके ठेवावे, ते पाण्याने काठोकाठ भरावे. दोघांनी दोन बाजूंना उभे राहावे. पाण्यात सुताचा धागा सोडावा आणि त्याची एकेक टोके दोघांनी हातात धरावीत. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांनीही पांढरी वस्त्रे परिधान करावीत. एवढेच.

पाणी, माती, सूत आणि पांढरे वस्त्र. यात फुलांच्या कमानी कुठेही नाहीत. फुलांचे भांडार आपण नंतर आणले, आणि ते इतके आणले की मडके आणि धागा आज कित्येक लग्नांत फुलांच्या ढिगाआड दिसेनासे होतात. काही ठिकाणी तर मडके आणायचेच विसरतात, पण गाडीची फुले कोणी विसरत नाही!

फुलाला धम्मात जागा नाही असे मात्र नव्हे. आपण बुद्धवंदनेत फूल वाहतो. पण ते कशासाठी? हे फूल जसे कोमेजून जाते तसेच हे शरीरही नाश पावणारे आहे, याची आठवण राहावी म्हणून. त्यासाठी पाच फुले पुरतात. पंचावन्न हजारांची लागत नाहीत.

आणखी एक गोष्ट मी भाचीला सांगितली. महात्मा जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा व्यवसाय करू लागल्याने ते 'फुले' झाले. अशा फुलांच्या घरातल्या माणसाने सत्यशोधक समाज काढला आणि २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला सत्यशोधक विवाह भटाविना आणि अत्यंत कमी खर्चात लावून दाखवला. लग्नाचा थाट कशात असतो हे त्या माणसाला फूलवाल्यांपेक्षा जास्त कळत होते.

आईने सांगितलेली गोष्ट

धाग्याचे बोलणे चालले होते तेव्हा आई कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. ती मध्येच म्हणाली, "अगं, सुताचाच हार करा की. तुझ्या आजोबांनी जन्मभर सूतच काढलं."

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात कामाला होते. घरी आले की केसांत, भुवयांत कापूस अडकलेला असायचा, असे आई सांगते. रिंग खात्यात सूत कातले जाई. विणाई खात्यात त्या सुताचे कापड होई आणि तिथे पगार जास्त असे. पण आपल्या माणसांना विणाई खात्यात घेत नसत. कारण काय? धोट्यातला धागा तुटला किंवा संपला की विणकराला नवा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडाला लागेल, म्हणून सवर्ण कामगार त्यांना तिथे येऊच देत नसत. एकाच गिरणीत, एकाच भोंग्यावर कामाला जाणारी ही माणसे!

१९२८ मध्ये मुंबईच्या गिरण्यांचा सुमारे सहा महिने चाललेला मोठा संप झाला. त्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला. अस्पृश्य कामगारांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क मिळाला पाहिजे, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या, नाहीतर आमच्या माणसांनी तुमच्या संपात का राहावे, असे त्यांनी ठणकावले. पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीने.

आमचे आजोबा त्यानंतर दहा वर्षांनी गिरणीत लागले. तरीही रिंग खात्यातच लागले आणि रिंग खात्यातूनच निवृत्त झाले. आई म्हणाली, "मामंजी म्हणायचे, आम्ही कातलेल्या सुताला विटाळ नव्हता, आमच्या तोंडाला तेवढा होता."

भाचीने हे कधी ऐकले नव्हते. खरे सांगायचे तर मीही पूर्ण ऐकले नव्हते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आत्या, हार सुताचेच करायचे. आणि मडक्यातला धागासुद्धा त्याच सुतातला घ्यायचा."

हार कसे केले

खादी भांडारात पांढऱ्या सुताच्या गुंड्या मिळतात, त्या आणल्या. सुताचा हार म्हटले की काहींना पुढाऱ्यांचे सत्कार आठवतात. दादालाही आठवले. पण नुसती गुंडी गळ्यात घालायची नव्हती. प्रत्येक हाराला चार गुंड्या एकत्र घेऊन त्यांचा सैल पीळ केला. पाच ठिकाणी पंचशील ध्वजाच्या रंगांच्या फिती बांधल्या. निळी, पिवळी, लाल, पांढरी आणि केशरी. पदकाच्या जागी पिंपळाचे जाळीदार पान लावले. शेवटची गाठ एका हाराला माझ्या आईने मारली, दुसऱ्या हाराला मुलाच्या आजीने.

दोन्ही हारांना मिळून साडेचारशे रुपये लागले. यात एक फायदा आमच्या नंतर लक्षात आला. फुलांचे हार ओले असतात, झेंडूचा पिवळा डाग पांढऱ्या साडीला लागला की निघत नाही. सुताचा हार हलका, कोरडा, डाग न पाडणारा. आणि तो आज भाचीच्या घरी बुद्धमूर्तीच्या फोटोशेजारी काचेच्या चौकटीत आहे.

पिंपळाची पाने

बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ. त्याचे जाळीदार पान आपण सर्वांनी लहानपणी पुस्तकात ठेवलेले असते. ते घरी करता येते, पण वेळ लागतो. आम्ही लग्नाच्या दोन महिने आधी सुरुवात केली.

कोवळी पाने घेऊ नयेत, पूर्ण वाढलेली, न फाटलेली घ्यावीत. बादलीत पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवावीत. तीन ते चार आठवडे लागतात. दर तीन-चार दिवसांनी पाणी बदलावे. वास येतो, म्हणून बादली घरात नको, आणि डास होऊ नयेत म्हणून ती फडक्याने घट्ट बांधून ठेवावी. पानाचा गर मऊ झाला की पान पाण्यातच थाळीवर ठेवून जुन्या दातांच्या ब्रशने हलक्या हाताने घासावे. गर निघून जातो आणि शिरांची जाळी उरते. ती स्वच्छ धुऊन वर्तमानपत्रात ठेवून वर जड पुस्तके ठेवावीत. दोन दिवसांत पान सरळ आणि कोरडे होते.

पहिल्या खेपेची निम्मी पाने आम्ही फाडली. जोर जास्त लागला. पण दुसऱ्या खेपेला वस्तीतल्या पोरीबाळी मदतीला आल्या आणि तीनशे पाने झाली. निळ्या कार्डाच्या तुकड्यावर एकेक पान चिकटवून मागे पिन लावली. दारात येणाऱ्या प्रत्येक माणसाला हे पान छातीवर लावायचे ठरले. सर्व मिळून नऊशे रुपये खर्च आला.

गजऱ्याचे ताट

आता एक गोष्ट लिहिते, जी लिहावी की नाही याचा मी खूप विचार केला.

माझे पती जाऊन सात वर्षे झाली. काही वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या लग्नात दारात गजऱ्यांचे ताट घेऊन मुली उभ्या होत्या. येणाऱ्या प्रत्येक बाईला गजरा देत होत्या. माझ्यापुढे ताट आले, त्या मुलीच्या मागे उभ्या असलेल्या बाईंनी तिच्या खांद्याला हात लावला, आणि ताट माझ्या मागच्या बाईकडे गेले. कोणी वाईट बोलले नाही. स्टेजवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची प्रतिमा होती. पंचशील चालू होते. आणि दारात मात्र सवाष्ण कोण आणि विधवा कोण याची मोजणी चालली होती.

दीक्षा घेऊन इतकी दशके झाली तरी ही सवय आपल्या घरांतून पुरती गेलेली नाही, हे कबूल केले पाहिजे. ज्या भगिनींवर ही वेळ आली आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. बाकीच्यांनी आपल्या घरचे पुढचे लग्न आठवून पाहावे.

मी ही गोष्ट भाचीला सांगितली नव्हती, वहिनीने सांगितली. पिंपळपानाची कल्पना तिथूनच निघाली. पान सर्वांना. बाईला, पुरुषाला, विधवेला, परित्यक्तेला, स्वयंपाक्याला, वाजंत्र्यालाही. त्यात निवड नाही. लग्नाच्या दिवशी पहिले पान भाचीने स्वतःच्या हाताने माझ्या पदराला लावले. आणि केसांत मोगऱ्याचा गजरा माळायचा हट्ट तिने केला तेव्हा म्हणाली, "आत्या, दोन आणलेत. एक तुझा." मी नको म्हटले. तिने ऐकले नाही. सात वर्षांनी केसांत मोगरा माळला.

म्हणून मी म्हणते, फुलांशी आपले भांडण नाही. फूल कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही हे ठरवणाऱ्या हाताशी आहे.

स्टेजवर दहा प्रतिज्ञा

स्टेजवर पस्तीस हजारांची फुले नाहीत, मग मागे काय? बौद्ध विवाहात वर पाच आणि वधू पाच प्रतिज्ञा घेते. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी पती-पत्नीची जी कर्तव्ये सांगितली त्यावर या प्रतिज्ञा आधारलेल्या आहेत. पतीने पत्नीचा सन्मान करावा, तिचा अपमान करू नये, तिच्याशी एकनिष्ठ राहावे, घरातला अधिकार तिला द्यावा. पत्नीने घरची कामे नीट पार पाडावीत, दोन्हीकडच्या माणसांना सांभाळावे, एकनिष्ठ राहावे, मिळवलेल्या धनाचे रक्षण करावे. इतके मोलाचे शब्द, पण हॉलच्या गोंगाटात ते तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला ऐकू जात नाहीत.

आम्ही तीन-तीन मीटरचे दहा पांढरे पट्टे केले. प्रत्येकावर एक प्रतिज्ञा. पाच मुलाने स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, पाच भाचीने. आधी पेन्सिलीने, मग कापडावरच्या निळ्या रंगाने. मुलाचे अक्षर काही फार सुंदर नाही. पण ते त्याचे आहे. हे पट्टे स्टेजच्या मागे उभे सोडले, त्यांच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या मांजरपाटाच्या चुण्या आणि मागून पिवळे दिवे. एकूण सत्तर मीटर कापड, साठ रुपये मीटरने ४,२०० रुपये. बांबूची चौकट आणि दिवे भाड्याने ६,०००. रंग-ब्रश ६५०.

दारावरच्या कमानीऐवजी तोरण केले. दोन्ही घरांतल्या आया-आज्यांच्या जुन्या साड्यांचे तुकडे घेतले. माझ्या आईची हिरवी इरकली, व्याह्यांकडच्या आजीचे नऊवारी लुगडे, वहिनीच्या लग्नातली साडी. गोधडीला लावतात तसे त्रिकोणी तुकडे जोडून शिंप्याकडून शिवून घेतले. शिलाई पाचशे रुपये. बायका आत शिरताना वर पाहत होत्या आणि आपापल्या साडीचा तुकडा शोधत होत्या. तोरणाखाली जितका हशा पिकला तितका मी कोणत्याही फुलांच्या कमानीखाली ऐकला नाही.

पाहुण्यांचा सत्कार

राजगृह बांधताना ज्यांनी आपल्या ग्रंथांसाठी घर बांधले, त्या बाबासाहेबांचे नाव घेणाऱ्या समाजात सत्काराला पुस्तकापेक्षा चांगले काय असणार? गेल्या काही वर्षांत चैत्यभूमीवर आणि जयंतीच्या कार्यक्रमांत हारफुलांऐवजी वही आणि पेन वाहण्याचे आवाहन कार्यकर्ते करतात, आणि त्या वह्या मुलांपर्यंत पोहोचवतात. तीच रीत लग्नात का नको? आम्ही तीस छोटी पुस्तके आणली, सरासरी ऐंशी रुपयांना एक. प्रत्येकात पहिल्या पानावर वर-वधूची नावे, तारीख, आणि ज्याला द्यायचे त्याचे नाव आधीच लिहून ठेवले. आयत्या वेळी स्टेजवरून नावे पुकारताना गोंधळ झाला नाही.

शंभर रोपेही आणली, वीस रुपयांना एक. ज्यांना हवे त्यांनी जाताना न्यावे. यात एक सूचना. भावनेच्या भरात पिंपळाचे रोप देऊ नका. चाळीच्या भिंतीत रुजला तर पिंपळ भिंत फोडतो. मोकळी जागा असेल तिथे तो लावावा. गॅलरीत राहणाऱ्या आपल्या माणसांना कढीपत्ता, गवती चहा, कोरफड द्या. कढीपत्त्याची रोपे सर्वांत आधी संपली!

सर्व सुरळीत झाले का?

नाही. मुलाची एक काकू सुताचा हार पाहून मोठ्याने म्हणाली, "हे काय, हार आणायला विसरले की काय?" व्याह्यांचा चेहरा उतरला. हे सर्व आम्ही त्यांच्याशी आधी बोललो होतो, पण त्यांच्या भाऊबंदांपर्यंत ते पोहोचले नव्हते. ही आमची चूक. बौद्धाचार्यांनी प्रसंग सांभाळला. धागा मडक्यात सोडण्यापूर्वी त्यांनी आजोबांची, रिंग खात्याची आणि धोट्याची गोष्ट दोन मिनिटांत सांगितली. हॉल शांत झाला. पुढच्या रांगेत व्याह्यांकडचे एक वृद्ध गृहस्थ बसले होते. तेही गिरणी कामगार. ते उठून उभे राहिले आणि मंगलसुत्त संपेपर्यंत बसले नाहीत. त्या काकूही नंतर माझ्याकडे आल्या. दुसरे काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या, "एक पान जास्तीचं आहे का? सुनेला दाखवायचंय."

दुसरी गडबड अशी की जेवणाच्या वेळी एक पट्टा सुटून खाली आला. नेमका मुलाने लिहिलेला, पत्नीचा अपमान न करण्याचा! मित्रांनी त्याला जो काही छळला. त्याने तो स्वतः खुर्चीवर चढून पुन्हा बांधला.

अक्षता आपण टाकत नाही, पाकळ्या टाकतो. त्या आम्ही ठेवल्या. पूजेची फुले, पाकळ्या आणि गजरे हॉलजवळच्या गजरेवाल्या बाईकडून घेतले, भाव न करता. ते २,१०० रुपये झाले. गाडीला पंचशील ध्वजाच्या रंगांच्या फिती, ३०० रुपये.

जमाखर्च

आता शेवटची बेरीज. हार ४५०, कापड ४,२००, चौकट व दिवे ६,०००, रंग ६५०, पिंपळपाने ९००, तोरण ५००, पुस्तके २,४००, रोपे २,०००, गाडी ३००, फुले २,१००. एकूण १९,५०० रुपये. डेकोरेटरच्या अंदाजापेक्षा ३५,५०० रुपये कमी. दादाने पतपेढीतून दीड लाखाऐवजी एक लाख पंधरा हजारच उचलले.

मांजरपाटाच्या चुण्यांचे चाळीस मीटर कापड धुऊन आमच्या महिला मंडळाच्या कपाटात ठेवले आहे. आतापर्यंत ते आणखी तीन लग्नांत वापरले गेले. त्या तिघांना कापडाचा खर्च आला नाही.

करून पाहणाऱ्यांसाठी

दोन महिने आधी सुरुवात करा. व्याह्यांशी बोला, आणि त्यांच्या भाऊबंदांपर्यंतही बोलणे पोहोचू द्या. फुलांच्या जागी प्लास्टिकची फुले आणू नका, ती ना फूल ना कापड. थर्माकोलच्या सजावटीवर तर २०१८ पासून राज्यात बंदीच आहे. पिंपळपान, सूत, साडीचे तोरण हे आमच्या घरातून निघाले. तुमच्या घरातून वेगळे निघेल. कोणाचे वडील सुतार असतील, कोणाची आई बांबूच्या टोपल्या विणत असेल, कोणी शेतात ज्वारी पिकवत असेल. ज्वारीच्या कणसांचे तोरणही शोभेल. आणि ज्यांना फुलेच हवीत त्यांनी फुले आणावीत, पण कर्ज काढून नको, आणि ताट कोणाच्या पुढून वळवून नको. साधेपणाची सक्ती करून आपण नवी रूढी निर्माण करू नये.

लग्नाला सहा महिने झाले. परवा दादाकडे गेले होते. पतपेढीचे पासबुक त्याने माझ्यापुढे ठेवले. "बघ बरं, बेरीज बरोबर आहे का?" मी पाहिली. बरोबर होती. आई कोपऱ्यातून म्हणाली, "मामंजी असते तर त्यांना हार दाखवला असता."

जयभीम.